क्रूझर मोटरसायकलचा सायलेन्सर बदलताय? आधी हे वाचा

दुकानात आल्या आल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "आवाज कसा येईल?" आम्ही उलट विचारतो, "जुन्याला झालंय काय?" कारण पुष्कळदा सायलेन्सर बदलायची गरजच नसते. क्लॅम्प सैल झालेला असतो, नाहीतर बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) इंजिनाला जिथे बसतो तिथलं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, गेलेलं असतं. थ्रॉटल सोडल्यावर मागे फटाके फुटतात ते बहुधा याचमुळे. फटीतून बाहेरची हवा आत शिरते आणि पाइपात उरलेलं पेट्रोल तिथेच पेटतं. अशा वेळी गॅस्केट बदलून गाडी परत देतो.

सडलेला असेल तर मात्र बदलाच. मुंबईची खारी हवा बाहेरून क्रोम खाते हे सगळ्यांना माहीत आहे, पण सायलेन्सर जास्त सडतो तो आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन पाइपातून जातं. लालबागहून निघून परळला गाडी बंद केली, तर पाइप नीट तापतच नाही. वाफ आतच थंड होऊन साचते. म्हणून बऱ्याच सायलेन्सरना तळाशी एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तिथून पाणी ठिबकलं की लोक घाबरतात आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून ते बुजवून घेतात. कृपा करून बुजवू नका. तपासायचं असेल तर गाडी थंड असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळाला टकटक करा. खणखणीत वाजला तर पत्रा शाबूत आहे. बद्द वाजला किंवा आत काही खडखडलं, तर त्याचे दिवस भरले.

बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर

1 एप्रिल 2020 पासून विकलेल्या गाड्यांना एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आहे. काही गाड्यांत कन्व्हर्टर बेंड पाइपात असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. नवा सायलेन्सर निवडताना आम्ही सगळ्यात आधी हेच बघतो. कन्व्हर्टर पुढे असेल तर फक्त मागचा डबा बदलता येतो. सायलेन्सरमध्येच असेल, तर तो काढून नुसती पुंगळी लावणं म्हणजे पीयूसीला आणि पोलिसांना एकदमच आमंत्रण. तसं काम आम्ही घेत नाही. सेन्सरचे आटेही सगळ्या गाड्यांचे सारखे नसतात. "युनिव्हर्सल" लिहिलेला पाइप सगळ्यांना बसतो, म्हणजे कोणालाच नीट बसत नाही.

जुन्या थंडरबर्ड 350 किंवा कार्ब्युरेटरवाल्या अ‍ॅव्हेंजरला ऑक्सिजन सेन्सरची भानगड नाही. पण मोकळा पाइप लावला तर जेटिंग (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या भोकांचं माप) बदलावं लागतं, नाहीतर मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, आणि बेंड पाइप निळा पडतो.

"पिकअप वाढेल का?" फारसा नाही. मीटिअर 350 ची ताकद सुमारे 20 बीएचपी; डबा बदलून त्यात जाणवण्याजोगी भर पडत नाही. उलट आत जाळी-कप्पे नसलेला सरळ पाइप लावला, तर खालच्या आरपीएमची ओढ कमी होऊ शकते, आणि दादरच्या ट्रॅफिकमध्ये क्रूझर चालते ती त्याच ओढीवर.

आवाजाचं म्हणाल, तर 175 सीसीवरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना मर्यादा 80 डेसिबलची असते आणि ती साडेसात मीटरवरून मोजतात. खोक्यावर नुसतं "95 डीबी" छापलेलं असेल, तर किती अंतरावरून मोजलं ते विचारा. विक्रेता गप्प बसला तर उत्तर मिळालंच. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातली आवाज कमी करणारी नळी) काढून फिरणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 190 (2) लक्षात ठेवावं: पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. जप्त केलेले सायलेन्सर मुंबई पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

बसवताना

गॅस्केट दर वेळी नवं. जुनं एकदा दबलं की पुन्हा तसं बसत नाही. सुरुवातीच्या काळात आम्हीच एकाचे पैसे वाचवायला जुनं परत लावलं होतं. चौथ्या दिवशी गाडी फटाके फोडत दारात उभी. तेव्हापासून ही पद्धत मोडलेली नाही. सगळे नटबोल्ट आधी सैल लावायचे, मग इंजिनाकडून मागे घट्ट करत जायचं. उलटं केलं तर पाइप ताणात राहतो आणि ब्रॅकेटला तडा जातो.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, काही गाड्यांच्या मेन स्टँडचा रबरी ठोकळा जुन्या सायलेन्सरवर टेकतो. नव्यावर तशी जागा नसेल तर स्टँड भलत्याच ठिकाणी आपटतो. दुसरी, मागे बसणाऱ्याच्या पायाजवळचा हीट शील्ड (तापलेल्या पाइपावरचं झाकण). घरची माणसं साडी किंवा ओढणी घेऊन मागे बसत असतील, तर शील्डशिवाय घेऊच नका.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी क्रोम कापडाने स्वच्छ पुसा. तेलकट बोटाचा ठसा तापून पक्का बसतो आणि मग जात नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडा धूर आणि वास येईल, ते कारखान्यातलं तेल जळतंय.

जुना सायलेन्सर दुकानात सोडून जाऊ नका, आमच्याकडेही नाही. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, भंगारात त्याला भाव आहे. शिवाय गाडी विकताना मूळ सायलेन्सर मागतातच. तेलाचा हात फिरवून, तोंडं कापडाने बंद करून माळ्यावर ठेवा.

येताना आरसी बुकाची प्रत आणा आणि शक्यतो दुकान उघडताच या. जवळच राहत असाल तर गाडी ढकलत आणलीत तरी चालेल. तापलेल्या बेंड पाइपला अर्धा तास तरी हात लावता येत नाही.