दुधात राहून अर्धपोटी

दूध विरजवणाऱ्या लॅक्टिक आम्ल जिवाणूंना साखरेची ददात कधीच नसते. गाईच्या दुधात जवळपास ५ टक्के लॅक्टोज असतं, आणि दही घट्ट झाल्यावरही त्यातलं बरंचसं न वापरता उरतं. त्यांचं अडतं ते अमिनो आम्लांपाशी, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांपाशी.

ई. कोलायसारखा जिवाणू साखर आणि अमोनियाच्या जोरावर वीसही अमिनो आम्लं स्वतः तयार करू शकतो. लॅक्टिक जिवाणूंना त्यातली कित्येक आयतीच लागतात. दुधात सुटी अमिनो आम्लं अगदी थोडी. तेवढ्यावर वाढ सुरू होते, पण दूध विरजण्याआधीच रेंगाळते. उरलेला साठा केसीन या प्रथिनात अडकलेला असतो. केसीनची एकेक साखळी साधारण २०० अमिनो आम्लांची, म्हणजे पेशीच्या आवरणातून आत जाणं अशक्य. मग जिवाणू पेशीभित्तीवर बसवलेल्या प्रोटीनेज या विकराने (एन्झाइमने) ती बाहेरच तोडतात. छोटे तुकडे आत ओढून घेतले जातात आणि तिथे पेप्टिडेज विकरं त्यांची सुटी अमिनो आम्लं करतात.

इथे मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो लॅक्टोकॉकस लॅक्टिस. त्याच्या प्रोटीनेजचं जनुक बहुतेकदा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतं. पेशी विभागताना हे कडं कधीकधी हरवतं. अशा पेशी शेजाऱ्यांनी तोडलेल्या तुकड्यांवर जगतात, शिवाय विकर बनवण्याचा खर्चही वाचवतात. त्यामुळे विरजण पुन्हा पुन्हा दुधात वाढवत नेलं की त्यांचं प्रमाण वाढू शकतं. ते फार वाढलं, की तेच विरजण दूध विरजायला जास्त वेळ घेतं.

योगर्टमधल्या जोडीने हा प्रश्न भागीदारीत सोडवला आहे. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस केसीन तोडण्यात तरबेज. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसच्या अनेक वाणांना ते नीट जमत नाही, ते बल्गेरिकसने केलेल्या तुकड्यांवर वाढतात. बदल्यात स्ट्रेप्टोकॉकस फॉर्मिक आम्ल, फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व आणि कार्बन डायऑक्साइड पुरवतो. डीएनएला लागणारे प्युरीन घडवण्यासाठी बल्गेरिकसला फॉर्मिक आम्ल हवं असतं, आणि ते त्याला स्वतः बनवता येत नाही. दूध कडक तापवलं तर लॅक्टोजच्या विघटनातून थोडं फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि दुधात विरघळलेला ऑक्सिजनही कमी होतो. दोन्ही गोष्टी बल्गेरिकसच्या पथ्यावर पडतात. एकेकट्यापेक्षा ही जोडी दूध कितीतरी लवकर आंबवते.

खनिजांत मॅग्नेशियम आणि मँगनीज महत्त्वाचं. लोहाशिवाय मात्र यांच्यातल्या बहुतेकांचं सहज भागतं, जे जिवाणूंमध्ये दुर्मीळ आहे.

ब गटातली जीवनसत्त्वंही अनेकांना बाहेरूनच लागतात, आणि या परावलंबनाने वैद्यकावर मोठे उपकार केले आहेत. १९४० च्या दशकात पर्निशस ॲनिमिया या जीवघेण्या पंडुरोगावर यकृताचा अर्क देत. अर्कात औषधी घटक किती आहे हे तपासायचं तर तो रुग्णालाच देऊन पाहावं लागे. मेरी शॉर्ब या अमेरिकन संशोधक महिलेला लॅक्टोबॅसिलसचा एक वाण ठाऊक होता; यकृताचा अर्क घातल्याशिवाय तो वाढतच नसे. अर्क जितका कसदार, तितकी त्याची वाढ जास्त. अर्काचा कस आता परीक्षानळीत कळू लागला. मर्क या औषध कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी याच चाचणीच्या आधारे तो घटक शुद्ध करत नेला आणि १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक हाती आले.