ज्येष्ठांच्या शारीरिक क्षमतेची चाचणी आणि व्यायामातील सुरक्षितता

उतारवयात उठणे, चालणे, वळणे, तोल सांभाळणे या रोजच्या हालचाली कितपत जमतात हे ठरावीक कृती करवून, घड्याळ लावून मोजण्याची पद्धत. गुडघ्याचा एक्स-रे सारखाच खराब असलेल्या दोघांपैकी एक जण जिना सहज चढतो, दुसऱ्याला कठड्याशिवाय पायरी चढवत नाही. हा फरक एक्स-रेत दिसत नाही, चाचणीत दिसतो. पडण्याचा धोका ओळखणे, व्यायाम कुठून सुरू करायचा ते ठरवणे आणि सुधारणा तपासणे यांसाठी तिचा उपयोग होतो.

चाचणीआधी रक्तदाब व नाडी पाहावी. विश्रांतीत नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल, छातीत दुखत असेल किंवा महिनाभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाच मिनिटे आडवे ठेवून घेतलेला रक्तदाब उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. यामागे बऱ्याचदा रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या असतात, नाहीतर पाणी कमी पिणे.

सर्वांत सोपी चाचणी तीस सेकंदांच्या उठबशीची. बिनहाताची, साधारण ४३ सेंमी उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवतात. हात छातीवर घडी घालून पूर्ण उभे राहायचे, पूर्ण बसायचे. वेळ संपताना निम्म्याहून अधिक उठलेला असेल तर ती उठबस धरतात. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य, पण तशी नोंद ठेवतात. ७० ते ७४ वयात पुरुषांच्या १२ पेक्षा व स्त्रियांच्या १० पेक्षा कमी उठबशा झाल्या तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. खुर्ची जरा उंच घेतली तरी आकडा फुगतो. आकड्याइतकेच बारकाईने पाहायचे ते असे: गुडघे आत वळतात का, शेवटी माणूस धपकन बसतो का, श्वास रोखतो का. धपकन बसणे म्हणजे मांडीचे स्नायू शरीराचा भार सावकाश खाली नेऊ शकत नाहीत. जिना उतरताना हीच उणीव घात करते.

‘उठा आणि चाला’ चाचणीत हातांच्या खुर्चीतून उठून तीन मीटरवरच्या खुणेपर्यंत जायचे, वळून परत येऊन बसायचे. पायात नेहमीची चप्पल-बूट, हातात नेहमीची काठी, चालही नेहमीचीच. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरतात. ‘लवकर, लवकर’ म्हणून घाई करणारा परीक्षक चाचणी बिघडवतो आणि पाडापाडीही घडवतो. त्याची जागा बाजूला, अर्धे पाऊल मागे; हात धरायचा नाही, पण पोहोचेल इतका जवळ ठेवायचा. वळताना खूप बारीक पावले पडली तर तेही लिहावे.

चालण्याचा वेग चार मीटरवर मोजतात. स्नायूक्षय, म्हणजे वयाबरोबर स्नायू व त्यांची ताकद घटणे, तपासताना २०१९ च्या युरोपीय निकषात सेकंदाला ०.८ मीटर, तर त्याच वर्षीच्या आशियाई निकषात १ मीटर ही सीमा आहे. म्हणजे अंतर पाच सेकंदांत कापले की चार, एवढाच हा फरक, त्यामुळे स्टॉपवॉच अर्धा सेकंद उशिरा दाबले तरी निष्कर्ष बदलू शकतो. जॅक गुरालनिक व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या चाचण्यांच्या संचात तोल, चाल आणि पाच उठबशा मिळून १२ गुण असतात. त्यात पाचव्यांदा पूर्ण उभे राहताच घड्याळ थांबवायचे, बसल्यावर नाही. ही चूक फार होते.

व्यायाम निकालावरून ठरतो. एकामागे एक पाऊल जोडून दहा सेकंद उभे राहता येत नसेल, तर तोलाचे व्यायाम भिंतीच्या कोपऱ्यात, समोर जड खुर्ची ठेवून करावेत. उठबस जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी आणि ८ ते १२ वेळा सहज जमू लागल्यावर ती काढावी. उंची, वजन आणि वेग एकदम वाढवू नयेत. एका वेळी एकच. जोर लावताना श्वास सोडावा, कारण रोखला तर रक्तदाब एकदम चढतो. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांत नाडी फारशी वाढत नाही, म्हणून नाडीचे लक्ष्य निरुपयोगी ठरते. बोलता येते पण गाता येत नाही, एवढा जोर मध्यम समजावा. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर ९० मिग्रॅपेक्षा कमी असेल तर आधी काही खावे. ठिसूळ हाडांमुळे मणका खचला असेल तर वाकून पायाची बोटे धरणे आणि पाठीवर झोपून धड उचलण्याचे पोटाचे व्यायाम (सिट-अप) टाळावेत. चालणे अचानक थांबवले तर रक्त पायांत साठून घेरी येते, म्हणून शेवटची पाच मिनिटे वेग हळूहळू उतरवावा.

स्नायू एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. सांधा दोन तासांनंतरही आधीपेक्षा जास्त दुखत राहिला तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे. छातीवर दाब, जबड्यात कळ, एका बाजूला अशक्तपणा किंवा भोवळ जाणवली तर व्यायाम तिथेच थांबवून तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

फेरचाचणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच खुर्चीवर, त्याच पादत्राणांत घ्यावी. एखादी उठबस वाढली तर ती केवळ सरावानेही वाढलेली असू शकते. पार्किन्सनच्या रुग्णात गोळी घेऊन किती वेळ झाला हेही लिहावे, कारण डोसाचा असर उतरत आला की तोच माणूस बराच सावकाश चालतो.