सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांतील माणसे

मुंबई-ठाणे परिसरातील कष्टकरी आणि मध्यमवर्गीय माणसांचे चेहरे, देह व परस्परसंबंध यांचे चित्रकार सुधीर पटवर्धन (जन्म १९४९, पुणे) यांनी केलेले चित्रण. पटवर्धन पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये डॉक्टर झाले, पुढच्याच वर्षी मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले.

त्यांच्या चित्रांतला माणूस आधी वजनाने जाणवतो. उतरलेले खांदे, मांडीवर टेकलेले जड हात, मिटलेले ओठ. चेहऱ्यावर भावनांचा कल्लोळ नसतो. दिवसभराचा शीण मात्र असतो, आणि तो मानेपासून पावलांपर्यंत उतरलेला दिसतो. रोज माणसांचे देह तपासणाऱ्या डॉक्टरची ही नजर आहे, पण तिच्यात कोरडेपणा नाही. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) या चित्रात चहाच्या टेबलाशी बसलेल्या साध्या माणसाला त्यांनी राजेरजवाड्यांच्या व्यक्तिचित्रांइतकाच मान दिला आहे.

‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१) यांसारख्या चित्रांपासून माणसे घोळक्यात येतात. गर्दी दाट असली तरी नजरा क्वचितच जुळतात. हे एकाकीपणाचे चित्रण आहे असे सहज म्हटले जाते. ते अपुरे वाटते. सकाळच्या लोकलने ठाण्याहून सीएसएमटी गाठणाऱ्याला ठाऊक असते, की खेटून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे रोखून न पाहणे ही त्याला दिलेली जागाच असते. पटवर्धनांनी मुंबईचा हा अबोल शेजार जितक्या आपुलकीने रंगवला, तितका क्वचितच कोणी रंगवला असेल.

भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्यासोबत ते १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात होते. पुढे गिरण्या बंद पडल्या, १९९२-९३ च्या दंगली झाल्या. ‘लोअर परळ’ (२००१) मध्ये शहराचा विस्तारच मुख्य होतो. अलीकडच्या चित्रांत घराच्या चार भिंती, आजारपण आणि वार्धक्यही येते.

चित्रे पाहणाऱ्यांशीही त्यांनी नाते जोडले. २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन त्यांनी महाराष्ट्रातील अनेक शहरांत नेले. त्यांच्या स्वतःच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले.