आजी-आजोबांचा आभा क्रमांक : मेडिकलवाल्याची मदत कुठवर घ्यावी?

बीपी-शुगरच्या गोळ्या घ्यायला आजोबा दर महिन्याला मेडिकलमध्ये जातात. ‘या वेळी पाकीट वेगळं का?’ हा प्रश्नही ते तिथेच विचारतात. म्हणूनच आभा क्रमांक काढताना सोबतीला फार्मासिस्ट असला, तर त्यांची निम्मी भीती जाते. मात्र मेडिकल हे काही अर्ज केंद्र नव्हे. अर्ज आजोबांचाच, फार्मासिस्टने फक्त वाट दाखवायची.

आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ अंकी आरोग्य क्रमांक. तो ऐच्छिक आहे, मोफत आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड या क्रमांकाला जोडता येतात, आणि तुम्ही संमती दिल्याशिवाय ते दुसऱ्या डॉक्टरला दिसत नाहीत.

कागदपत्र एकच पुरतं : आधार. आभाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आधार क्रमांक टाकायचा, संमतीवर खूण करायची, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग संपर्कासाठी मोबाइल नंबर द्यायचा. हा आधारपेक्षा वेगळा असला तर त्यावर आणखी एक ओटीपी येतो. शेवटी कार्ड डाउनलोड करून छापून घ्यावं.

गाडी अडते ती ओटीपीवर. आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं असतं, किंवा तो नंबर परगावच्या मुलाचा असतो. आजी काउंटरशी उभ्या, चष्मा पिशवीत, साध्या फोनवर मेसेज आलेला. तो उघडेपर्यंत वेळ संपते. म्हणून निघण्याआधी घरीच बघा : आधारला कोणता नंबर आहे, आणि तो फोन सोबत आहे का? नंबर बंद असेल तर आधी आधारमध्ये तो बदलून घ्यावा लागेल. फार्मासिस्टनेही दुकानात गर्दी नसेल अशी दुपारची वेळ द्यावी. घाईत हे काम होत नाही.

ओटीपी आजींनीच वाचावा आणि शक्यतो त्यांनीच टाकावा. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते आधी मोठ्याने वाचून दाखवा. आधारची झेरॉक्स दुकानात ठेवायची काहीच गरज नाही. मला विचाराल तर, जो मेडिकलवाला स्वतःहून ‘फोन तुमच्याच हातात ठेवा’ म्हणतो, त्याच्याकडेच जावं.

आभा आणि मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड एकच, असा गैरसमज फार आहे. आभाने उपचाराचे पैसे मिळत नाहीत. वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढावं लागतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. वय आधारवरचंच धरतात, त्यामुळे तिथली जन्मतारीख आधी तपासा. केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल, तर ती योजना किंवा हे कार्ड यांपैकी एक निवडावं लागतं; खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं. अर्ज आयुष्मान ॲपवर आधार ई-केवायसीने (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवून) होतो. चौकशीसाठी क्रमांक १४५५५.

निघताना एक काम उरतं. दुकानातला फोन किंवा कॉम्प्युटर वापरला असेल, तर आजोबांच्या समोरच लॉग आउट करा आणि डाउनलोड झालेलं कार्ड तिथून पुसून टाका.