ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ घेणाऱ्यांसाठी

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं आणि बिस्किटांपासून नूडल्सपर्यंत सगळ्या पाकिटांवर ‘मिलेट’ झळकू लागलं. ज्वारी-बाजरीला मागणी आली याचा आम्हा गिरणीवाल्यांना मनापासून आनंद आहे. पण पाकीट घेताना ते उलटून मागची बाजू जरूर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ‘नाचणी बिस्किटां’च्या यादीत पहिला मैदा, मग साखर आणि पामतेल असेल, तर नाचणी नावापुरतीच. ज्या धान्याचं नाव ठळक लिहिलंय त्याची टक्केवारीही तिथे सापडायला हवी. ‘मल्टिग्रेन’ पिठालाही हेच लागू.

बाजरीचं दळण मात्र थोडं-थोडंच न्या, फार तर आठवड्याचं. बाजरीत १०० ग्रॅमला सुमारे ५ ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे ज्वारीच्या जवळजवळ तिप्पट. दाणा फुटला की त्यातलं विकर (एन्झाइम) या तेलावर काम करू लागतं आणि पीठ कडू होतं. उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडतं. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहा. कडवट लागलं तर ते भाजूनही सुधारत नाही. गिरणीतून आणलेलं गरम पीठ ताटात पसरून पूर्ण निवू द्या, मगच डब्यात भरा. गरम भरलं तर झाकणाला घाम येतो, पिठाच्या गुठळ्या होतात. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ते जास्त टिकतं.

गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारं ग्लुटेन हे प्रथिन या धान्यांत नाही, म्हणून भाकरी चिरते. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी कडकडीत पाणी बेताबेताने घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि तळव्याच्या टाचेने रगडून मळा. एका वेळी एक-दोन भाकऱ्यांपुरतंच मळा. पीठ जुनं होऊन विरी (चिकटपणा) गेली असेल तर अर्ध्या पिठाची उकड काढून उरलेल्यात मिसळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटा. उशीर झाला की वरचा थर तडकतो आणि भाकरी फुगत नाही.

नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्यातलं सगळं अंगी लागत नाही, कारण दाण्यातलं फायटिक आम्ल ते अडवतं. मोड आणले की हे आम्ल कमी होतं. नाचणी १२ तास भिजवून निथळा, ओल्या फडक्यात दिवसभर बांधा, बारीक मोड दिसले की सावलीत खडखडीत वाळवा आणि मंद आचेवर हलकी भाजून आमच्याकडे दळायला आणा. दमट नाचणी दळता येत नाही आणि तिचं पीठही आंबतं.

मधुमेह असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्वारी-नाचणीतही १०० ग्रॅमला ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, जवळपास गव्हाइतकीच. त्यामुळे दोन पोळ्यांऐवजी चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. बारीक पिठाच्या पातळ पेजेनेही ती झपाट्याने चढते. सोबत उसळ आणि पालेभाजी घ्या, पीठ न चाळता वापरा. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी रोज बाजरी खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

सीलिॲक आजार (ज्यात ग्लुटेन अजिबात चालत नाही) असलेल्यांनी आमचं पीठ घेऊ नये. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायला किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि आमच्या त्याच जात्यांवर गहूही दळला जातो. अशा ग्राहकांना आम्ही निवडलेलं अख्खं धान्य देतो. त्यातही गव्हाचा एखादा दाणा राहिलाय का ते घरी पुन्हा पाहा आणि गहू कधीच न दळलेल्या घरघंटीवर दळा.