शैक्षणिक कर्ज (नागपूर)

शैक्षणिक कर्ज : कॉलेजचा खर्च भागवण्यासाठी विद्यार्थ्याला बँकेकडून मिळणारे कर्ज. नागपुरात त्याला सर्रास ‘सरकारी लोन’ म्हणतात; पैसा मात्र बँकेचाच असतो. सरकार हमी देते आणि काही कुटुंबांचे व्याज भरते. मुद्दल विद्यार्थ्याने फेडायचे, आणि सहकर्जदार म्हणून सही केलेले आईवडीलही त्याला बांधलेले असतात. सहीआधी घरात हे नीट बोलून घ्यावे.

इंडियन बँक्स असोसिएशनची २००१ ची आदर्श योजना हा बँकांच्या नियमांचा पाया आहे. फी थेट कॉलेजच्या खात्यात जाते. वसतिगृह, पुस्तके, संगणक यांचा खर्चही धरता येतो. २०१५ च्या पत हमी निधीमुळे ७.५ लाख रुपयांपर्यंत तारण किंवा जामीनदार लागत नाही.

शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो. इथेच घरोघरी हिशेब चुकतो, कारण व्याज पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चढते. समजा, काटोलच्या मुलाने हिंगणा रोडवरच्या अभियांत्रिकी कॉलेजसाठी दरवर्षी सुरुवातीला एक लाख, असे चार लाख उचलले. दहा टक्के सरळ व्याजाने पाच वर्षांत पहिल्या लाखावर ५० हजार, मग ४०, ३० आणि २० हजार चढतात. पहिला हप्ता येतो तेव्हा देणे ५ लाख ४० हजार झालेले असते. शिकताना आणि पुढच्या वर्षीही व्याज भरत गेल्यास देणे चारच लाख राहते.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल, तर २००९ पासूनच्या केंद्रीय योजनेत हे एक लाख चाळीस हजार केंद्र सरकार भरते. त्यासाठी अभ्यासक्रम व्यावसायिक वा तांत्रिक हवा, शिवाय संस्थेला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे मानांकन हवे (या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था). शिक्षण अर्ध्यात सोडले की हे अनुदान जाते. म्हणून प्रवेश घेण्याआधीच मानांकन तपासावे, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून वेळेत काढून ठेवावा.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी निवडक संस्थांपुरती आहे. व्हीएनआयटी, एम्स, आयआयएम नागपूर यांसारख्या केंद्रीय संस्था तीत येतात. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते.

मुलींच्या बाबतीत आधी राज्याची शुल्कमाफी पाहावी. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मग कर्ज उरते ते वसतिगृह, मेस आणि पुस्तकांपुरते.