अकाला आणि हिप-हॉप शेक्सपिअर कंपनी

अकाला हा लंडनचा रॅपर, पण शेक्सपिअर रॅपमधून शिकवणारा माणूस म्हणूनही तो तितकाच ओळखला जातो. खरं नाव किंग्स्ली डेली, जन्म १ डिसेंबर १९८३, वाढला लंडनच्याच केंटिश टाउन भागात, वडील जमैकन आणि आई स्कॉटिश. अकाला हे नाव बौद्ध परंपरेतलं, म्हणजे आपला 'अचल'च. गायिका मिस डायनामाइट ही त्याची मोठी बहीण.

इंग्रजी घरचीच भाषा असूनही लहानपणी शाळेने त्याला इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या गटात बसवलं होतं, हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि मला वाटतं पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे आधी माहीत हवं. दुसरीकडे सावत्र वडील हॅकनी एम्पायर थिएटरमध्ये स्टेज मॅनेजर, त्यामुळे नाटक त्याला परकं नव्हतंच.

२००६ मध्ये पहिला अल्बम आला, त्याच वर्षी बेस्ट हिप-हॉपचा मोबो अवॉर्ड (कृष्णवर्णीय परंपरेतल्या संगीताचा ब्रिटिश पुरस्कार) मिळाला. नंतर त्याने शेक्सपिअरच्या २७ नाटकांची नावं गुंफून एक रॅप केला आणि २००९ मध्ये हिप-हॉप शेक्सपिअर कंपनी काढली. तरुण मुलांसाठी वर्कशॉप आणि स्टेज शो, असं तिचं काम.

शिकवायची पद्धत भारी आहे. एक ओळ वाचायची आणि विचारायचं, ही शेक्सपिअरची की रॅपरची? २०११ मध्ये इंग्लंडमधल्या ऑल्डबरो गावच्या टेडेक्स या व्याख्यानांच्या कार्यक्रमात त्याने हेच केलं आणि समोरचे शिकलेसवरलेले लोकही चुकत होते. मग तो शेक्सपिअरच्या छंदाकडे, म्हणजे वृत्ताकडे वळतो. आयंबिक पेंटामीटर म्हणजे हलका-जड अशा पाच जोड्या, दहा अक्षरं, साधारण आपल्या लघु-गुरूसारखंच, फक्त आपल्याकडे अक्षराची लांबी मोजतात आणि तिकडे आघात. हृदयाचा ठोकाही असाच जोडीने पडतो, धक्-धक्, म्हणून ही लय मुलांना वेगळी समजवावी लागत नाही, ती अंगातच असते.

२०१८ मध्ये ऑक्सफर्ड ब्रुक्स आणि ब्रायटन या दोन्ही युनिव्हर्सिट्यांनी त्याला मानद डॉक्टरेट दिली. पण मला त्याचं खरं काम दिसतं ते त्या टेडेक्सच्या स्टेजवर, जिथे तो शेक्सपिअरचं अठरावं सुनीत, प्रिय व्यक्तीला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देणारं, बीट लावून म्हणतो, एक शब्दही न बदलता, आणि चारशे वर्षांपूर्वीची ती ओळ बरोब्बर तालावर येऊन बसते.